वळिवड्याच्या पोलिश कबरी, फ्लोरेन्सची छत्री आणि आपलं कोल्हापूर

कोटितीर्थ (धागाकर्ता)

परवा 2 नोव्हेंबरला ख्रिस्ती दफनभूमीत गेलो होतो. माझ्या एका सहकाऱ्याच्या आईची कबर तिथं आहे. त्या दिवशी ही मंडळी आपल्या माणसांच्या कबरी धुतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. गडी एकटाच होता, म्हणून पाण्याच्या बादल्या आणून द्यायला मी गेलो. तो प्रार्थनेला उभा राहिला तसा मी जरा बाजूला झालो, आणि पाय आपसूक पोलिश कबरींकडं वळले.

एका दगडावरच्या अक्षरांत शेवाळ भरलं होतं. खाली पडलेली काडी घेतली आणि हळूहळू कोरत बसलो. एकेक अक्षर वर यायला लागलं. नाव मला धड वाचता येईना. एलच्या पोटातून गेलेली तिरकी रेघ, झेडच्या डोक्यावर टिंब. मग खालचे दोन सन मोकळे झाले. मनात वजाबाकी झाली आणि हात तिथंच थांबला. पोर होतं ते. शाळेतसुद्धा गेलं नसेल.

नवीन मंडळींसाठी थोडं सांगतो. 1939 च्या सप्टेंबरात जर्मनी आणि रशियानं पोलंड वाटून घेतला. रशियाच्या वाट्याला गेलेल्या भागातली कुटुंबं 1940 पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरियात, कझाकस्तानात नेली. 1941 साली जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. पुरुष सैन्यात गेले. बायका, म्हातारी आणि पोरं कास्पियन समुद्र ओलांडून इराणात, तिथून कराचीत आणि 1943 साली आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात आली. पाच हजारांच्या आसपास माणसं. बराकी, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाचा रंगमंच, स्काउटची पथकं, सगळं उभं राहिलं. 1948 पर्यंत ती इथं होती. सैबेरियाची थंडी, उपासमार आणि वाटेतली आजारपणं सोसून जी इथवर पोचली, त्यांतली काही मात्र पुढं गेलीच नाहीत. ती आपल्याकडंच राहिली.

घरी आलो तरी ती वजाबाकी डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा. कोल्हापुरात कोण कोण विसावलंय, त्यांच्या आयुष्याची गोष्ट काय, हे इथं लिहूया. कबर असो, समाधी असो, दर्गा असो. आणि उलटंही लिहा. कोल्हापूरची कुठली माणसं लांब कुठंतरी राहिली, तेही.

---

उचगावची

दादा, आमच्या आजीचं माहेर वळिवडे. ती "पोलंडच्या बायका" म्हणायची. तिचे वडील कॅम्पावर दूध घालायचे. ती सात-आठ वर्षांची, किटली धरून त्यांच्या मागं जायची. भाषा कुणाचीच कुणाला कळायची नाही, हिशेब बोटांवर. एक बाई रोज आजीच्या केसांवरून हात फिरवायची. एकदा तिनं आजीला जवळ ओढलं आणि एकदम रडायला लागली. आजी घाबरून पळाली. रात्री तिच्या आईनं सांगितलं, "तिची लेक वाटंत गेली असंल गं कुठंतरी. तुझ्यात बघत असंल." आजी शेवटपर्यंत म्हणायची, मी उगंच पळाले, थांबायला पाहिजे होतं.

आजीला जाऊन आता नऊ वर्षं झाली. हे मी कधी कुठं लिहिलं नव्हतं.

---

शुक्रवार पेठ

धागा चांगला आहे, पण मनात आलं ते बोलतो, राग मानू नका. कोल्हापूरची गादी जिनं उभी केली त्या ताराराणीच्या समाधीची काय अवस्था आहे, ते आधी बघा. कावळा नाक्यावर घोड्यावरचा पुतळा आहे, त्याला आपण हार घालतो. समाधी कुठं आहे हे शंभरातल्या किती जणांना ठाऊक असेल? आधी आपलं बघूया, मग पोलंडचं.

---

माहुलीची

शुक्रवार पेठ, मी सातारची. ती समाधी आमच्या संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. लहानपणापासून बघत आलेय, म्हणून लिहिते.

ताराराणींचा जन्म 1675 चा. 1700 साली राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत. पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, त्यांनी मराठ्यांचं राज्य हातात धरलं. मग संभाजीराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, सातारा त्यांच्याकडं गेलं आणि ताराराणींनी पन्हाळा-कोल्हापूरला वेगळी गादी मांडली. 1714 साली त्याच पन्हाळ्यावर सवत राजसबाईनं त्यांना आणि त्यांच्या मुलाला कैदेत टाकलं. ज्या गडावर राज्य केलं त्याच गडावर कैद. पुढं आयुष्याचा शेवटचा मोठा भाग साताऱ्यात गेला. पानिपत झालं त्याच वर्षी, 1761 च्या डिसेंबरात, त्या गेल्या. वय 86. औरंगजेब पाहिला, पानिपतही ऐकलं.

समाधी नदीच्या अगदी कडेला. दर पावसाळ्यात पाणी चढतं, गाळ बसतो. आमचे आबा पूर ओसरला की खराटा घेऊन जायचे. सगळं गाव शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी बघायला पाहुण्यांना नेतं (तीही माहुलीतच आहे, आणि आपल्या कुत्र्याला इतकं मानणारा राजा होता याचा मला अभिमानच आहे). पण आबा आधी ताराराणींकडं जायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते कोल्हापूरचेही नव्हते.

---

कोटितीर्थ

ताई, आबांना माझा नमस्कार सांगा, असतील तर. नसतील तर मनातल्या मनात करतो.

शुक्रवार पेठ, राग कसला. पण उत्तर ताईंनीच दिलं बघा. आपल्या ताराराणीचा गाळ साताऱ्याच्या माणसानं काढला. मग इथल्या त्या पोराचं शेवाळ आपण काढलं तर कुठं बिघडलं?

---

आर्नोकाठचा

गेली सहा वर्षं मी इटलीत नोकरीला आहे. मूळचा मंगळवार पेठेतला. "उलटंही लिहा" म्हणालात, म्हणून आमच्या राजाराम महाराजांबद्दल लिहितो.

राजाराम महाराज, म्हणजे राजर्षी शाहूंच्या आधीचे, 1866 साली गादीवर आले. 1870 साली, वीस वर्षांचं वय, विलायतेला निघाले. बोटीनं लंडन, व्हिक्टोरिया राणीची भेट, शाळा, कारखाने, पार्लमेंट असं सगळं बघत हिंडले. रोजनिशी लिहायचे, इंग्रजीत. ती पुढं छापूनही आली. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लोरेन्समध्ये वारले. त्या वेळी फ्लोरेन्स हे इटलीच्या राज्याची राजधानी होतं.

आता प्रश्न अग्नी देण्याचा. तिथं दहनाची चालच नव्हती. बरोबरच्या लोकांनी हट्ट धरला, खास परवानगी मिळाली. दोन नद्या मिळतात अशी जागा निवडली. आर्नो आणि मुन्योने. संगम! परमुलखात, थंडीत, रात्रीच्या वेळी त्या माणसांना संगम शोधावासा वाटला, हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. चिता रचली आणि शहरातली माणसं बघायला जमली.

1874 साली तिथं छत्री उभारली. चार खांब, वर घुमट, आत महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा, पागोटं आणि दागिन्यांसकट. चार भाषांत लेख आहे. छत्रीचं काम चार्ल्स मँट यांचं. तुमचा टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांनी काढला तेच. टाऊन हॉलच्या म्युझियमला गेलात तर वर मान करून बघा, त्याच हातानं इथली छत्री काढलीय.

ज्या बागेच्या टोकाला ही छत्री आहे त्या बागेचं नाव काशीने. इटालियन शब्दाचा काशीशी काही संबंध नाही, मला ठाऊक आहे. तरी ट्रामच्या थांब्यावर ते नाव पुकारलं की कान टवकारतात. बाग लांबच लांब. सायकलवाले, कुत्री फिरवणारे, पोरं. टोकाला गेलं की झाडांतून घुमट दिसतो आणि डोक्यावर मोठा पूल, दोऱ्यांवर तोललेला. 1978 साली झाला. त्याचं नाव "पोंते अल इंडियानो", म्हणजे "इंडियानोजवळचा पूल". तिथल्या लोकांसाठी तो सगळा भागच इंडियानो. आमच्या ऑफिसातली बाई म्हणाली, "आम्ही इंडियानोला फिरायला जातो." मी सांगितलं, तो आमच्या गावचा राजा. तिला पटेना. फोटो दाखवले.

पहिल्यांदा गेलो तेव्हा बॅगेत आईनं दिलेला कुंकवाचा करंडा होता. चौथऱ्याच्या पायरीवर बोटभर लावलं. पुसलं जाणार हे ठाऊक होतं. दुसऱ्या खेपेला गेलो तर कुणीतरी पायरीवर रानफुलं ठेवली होती. माझ्या आधी कोण येऊन गेलं, कुणास ठाऊक.

---

पंचगंगा_घाट

आर्नोकाठचा, भावा, जिंकलंस. टाऊन हॉलमध्ये अजून एक गोष्ट बघायची. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर पोसायडनची छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली होती. रोमनांच्या काळातली, समुद्राची देवता. ती ठेवलीय मँटसाहेबांच्या इमारतीत. तिकडची मूर्ती इकडं, इकडचा राजा तिकडं.

घाटावरच्या आपल्या राजघराण्याच्या समाध्या तर सगळ्यांना माहीत आहेत. 2019 ला आणि 2021 ला पाणी आलं तेव्हा मी बोटीवर होतो. शिखरं तेवढी वर दिसत होती. पाणी उतरल्यावर भिंतीवर कमरेच्या वर चिखलाची रेघ. आमच्या तालमीची पोरं फावडी घेऊन उतरली.

---

नगरी

मी नगरची. "लांब राहिलेली माणसं" म्हणालात म्हणून चौथ्या शिवाजी महाराजांचं लिहिते. राजाराम महाराज गेल्यावर हे 1871 साली दत्तक आले, वय आठ. पोर मोठं होत होतं तसं इंग्रजांनी ठरवलं की याचं डोकं ठीक नाही. त्यांच्या हाल-अपेष्टांच्या बातम्या बाहेर आल्या. केसरीनं आणि मराठानं दिवाण माधवराव बर्व्यांवर लिहिलं, अब्रुनुकसानीचा दावा झाला आणि 1882 साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस होते. शाळेत हा धडा आपण टिळकांचा म्हणून शिकतो. ज्या पोरासाठी हे घडलं, त्याचं पुढं काय झालं ते शिकवत नाहीत.

त्याला नगरच्या किल्ल्यात आणून ठेवलं. 25 डिसेंबर 1883 ला ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झटापट झाली आणि त्यात महाराज गेले. वय वीस. राजाराम महाराजही विसाव्या वर्षीच गेले, वर वाचलं तेव्हा हे एकदम लक्षात आलं. कोल्हापूरचे दोन राजे पाठोपाठ, दोघंही वीस वर्षांचे, दोघंही कोल्हापूरच्या बाहेर.

समाधी आमच्या नगरातच आहे. माझे वडील शिक्षक होते, पोरांना तिथं घेऊन जायचे आणि म्हणायचे, "हात जोडा. हा वेडा नव्हता."

---

कोटितीर्थ

नगरी ताई, तुमच्या वडिलांचं ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

त्यांच्यानंतर 1884 च्या मार्चमध्ये कागलचे यशवंतराव दत्तक आले, ते आपले शाहू महाराज. तेही मुंबईत वारले, 6 मे 1922. पण त्यांना कोल्हापुरात आणलं. आपली समाधी नर्सरी बागेत व्हावी अशी त्यांनी इच्छा लिहून ठेवली होती. ती पुरी व्हायला 2020 साल उजाडलं. माझ्या आजोबांनी त्यांची अंत्ययात्रा खांद्यावर बसून पाहिली होती आणि समाधीला मी माझ्या लेकाला खांद्यावर घेऊन गेलो.

---

गांधीनगर_वाला

मराठी लिहिताना चूक झाली तर सांभाळून घ्या. आम्ही सिंधी, घरात सिंधी बोलतो, पण शाळा मराठी माध्यमाची.

तुम्ही लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या गांधीनगरला येता ना, तोच वळिवड्याचा कॅम्प. फाळणीनंतर आमच्या लोकांना याच बराकी मिळाल्या. माझे दादा कराचीहून आले. ते सांगायचे, बराकीच्या दाराच्या चौकटीवर आतून चाकूनं रेघा ओढलेल्या होत्या, खालून वर, प्रत्येक रेघेपाशी अक्षरं. आधी कळलं नाही. मग दादीनं ओळखलं, पोरांची उंची मोजलीय. पोलिश आईनं. दादीनं त्या रेघा पुसल्या नाहीत. त्यांच्याच शेजारी माझ्या वडिलांची उंची मोजायला सुरुवात केली.

बराक पाडली तेव्हा चौकट गेली. वडील अजून हळहळतात.

---

पंचगंगा_घाट

गांधीनगर_वाला, कराची म्हणालास म्हणून सांगतो. चिमासाहेब चौक आपल्याला ठाऊक आहे, सीपीआर दवाखान्याकडून रोज जातो-येतो. ते चिमासाहेब महाराज म्हणजे त्या वेळच्या छत्रपतींचे धाकटे भाऊ. 31 जुलै 1857 च्या रात्री कोल्हापुरात 27 वी पलटण उठली. ते दडपलं, तर डिसेंबरात शहर पुन्हा उठलं. यामागं चिमासाहेब आहेत असा इंग्रजांचा संशय. त्यांना पकडून बोटीनं थेट कराचीला नेलं आणि तिथंच नजरकैदेत ठेवलं. 1869 साली ते कराचीतच वारले. कोल्हापूर पुन्हा दिसलं नाही.

---

गांधीनगर_वाला

हे मला माहीत नव्हतं. त्या चौकातून मी हजार वेळा गेलो असेन.

आत्ता वडिलांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आपण कराचीहून इथं आलो, आणि इथला राजा तिथं. पोलिश लोकपण कराचीवरूनच आले ना, कोटितीर्थ भाऊंनी वर लिहिलंय तसं. वडील म्हणतात, चिमासाहेबांच्या नावानं चौकात दिवा लावून येऊ.

---

सैनिक टाकळी

थोडंसं माझंही. त्या पोलिश बायकांचे नवरे, भाऊ 1944 च्या मे महिन्यात इटलीत मोंते कासिनोला लढले. तिथून पुढच्याच लढायांत आपली मराठा पलटणही होती. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 ला पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचं नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलंय. आमच्या गावात घरटी फौजी. ज्याचा देह गावात आला नाही अशांच्या घरी पितृपक्षात पान वाढताना नाव घेतात, आणि मग "जिथं असशील तिथं" म्हणतात. तेवढंच.

---

शुक्रवार पेठ

सगळं वाचलं. काल लिहिलं ते मागं घेतो असं नाही, ताराराणींची समाधी नीट व्हायलाच पाहिजे आणि त्यासाठी मी माहुलीला जाऊन येणार आहे. पण पोलिश कबरींना यायला मी तयार आहे. कधी जायचं, सांगा.

पोलंडवाल्यांनी आपल्याला लक्षात ठेवलंय हे खरं. वॉर्सात वळिवडे-कोल्हापूर कॅम्पचं स्मारक आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान तिथं गेले होते तेव्हा टीव्हीवर पाहिलं. पोलंडच्या राजधानीत आपल्या वळिवड्याचं नाव दगडावर.

---

उचगावची

दादा, एक विचारायचं होतं. पोलंडमध्ये कबरीवर कुठली फुलं वाहतात? इथली पद्धत तिथं चालते का?

---

आर्नोकाठचा

ताई, माझी एक सहकारी पोलिश आहे, तिला आत्ताच विचारलं. 1 नोव्हेंबरला त्यांच्याकडं घरटी माणसं दफनभूमीत जातात, काचेच्या भांड्यातले दिवे लावतात, आणि फूल म्हणजे शेवंती. कुंड्याच्या कुंड्या. तिथं शेवंती म्हटलं की कबरच आठवते, म्हणून कुणाला भेट देत नाहीत.

---

उचगावची

शेवंती तर आत्ता महाद्वार रोडवर ढिगानं आहे.

---

कोटितीर्थ

मग ठरलं. येत्या रविवारी सकाळी सात. माझ्या सहकाऱ्यानं संबंधितांची परवानगी घेतलीय.

येताना प्लास्टिकची बादली, मऊ दातांचा ब्रश, जुनी सुती फडकी आणि बांबूच्या काड्या आणा. तारेचा ब्रश आणि अ‍ॅसिड अजिबात नको, दगड सोलवटतो आणि अक्षरं कायमची जातात. नुसतं पाणी पुरे. शेवाळ आधी भिजवायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग खालून वर घासायचं, म्हणजे ओघळाचे डाग पडत नाहीत. पडकी कबर असेल तर हात लावू नका, मला हाक मारा. फोटो काढताना नाव आणि सन स्पष्ट येऊ द्या. आर्नोकाठचा, ते फोटो तुमच्या सहकारीला पाठवतो, तिच्याकडून उच्चार लिहून घ्या. देवनागरीत. ती नावं आम्हाला मोठ्यानं वाचता आली पाहिजेत.

---

गांधीनगर_वाला

मी आणि वडील येतो. वडील 76 चे आहेत, वाकता येत नाही, पण पाणी धरतील.

---

उचगावची

शेवंती माझ्याकडं. त्या लहान पोराची कबर कुठली ते मला आधी दाखवा, दादा.